सॅन हुआन बाउटिस्टा : अर्ध्या तासात उरकू नका

पारिजातक

कॅलिफोर्नियात १०१ हायवेने मॉन्टेरेकडे निघालं, की गिलरॉय मागे पडल्यावर थोड्याच वेळात पूर्वेला १५६ चा फाटा लागतो. बहुतेक गाड्या तिथे न वळता समुद्राकडे जातात. फाट्यापासून तीनेक मैलांवर सॅन हुआन बाउटिस्टा आहे, दोनेक हजार वस्तीचं गाव. बे एरियातल्या मराठी घरांत हे नाव ऐकलेलं असतं ते मुलांच्या चौथीतल्या मिशन प्रोजेक्टमुळे (मिशन म्हणजे आदिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी स्पॅनिश धर्मगुरूंनी वसवलेली चर्चभोवतीची वसाहत). "हो, गेलो होतो, फोटो काढले, अर्ध्या तासात झालं" असं कुणी म्हणालं की मला फार हळहळ वाटते. स्पॅनिश, मेक्सिकन आणि अमेरिकन असा तिन्ही काळांचा कॅलिफोर्निया एकाच चौकाभोवती, पायी फिरता येईल इतक्या जागेत उभा आहे, असं दुसरं ठिकाण मी इथे पाहिलेलं नाही. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की मी त्यांना आवर्जून इथे नेते. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं.

थोडं मागचं सांगते. २४ जून १७९७ ला फादर फर्मिन लासुएन यांनी हे मिशन स्थापन केलं. कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांपैकी हे पंधरावं. आज दिसतं ते चर्च बांधायला १८०३ मध्ये सुरुवात झाली आणि १८१२ मध्ये ते पूर्ण झालं. १८३० च्या दशकात मेक्सिकन सरकारने मिशनांच्या जमिनी काढून घेतल्या, मग १८४८ नंतर अमेरिकन आले आणि गाव घोडागाड्यांच्या वाटेवरचा गजबजलेला थांबा झालं. हॉटेल, तबेले, लोहारशाळा, सगळं उभं राहिलं. पुढे १८७० च्या दशकात रेल्वे आली ती गावाला बाजूला टाकून. १८७४ मध्ये सॅन बेनिटो काउंटी वेगळी झाली, तेव्हा मुख्य ठाण्याचा मानही शेजारच्या हॉलिस्टरला गेला. व्यापार आटला. नवीन बांधायला कुणाच्या हाती पैसा नव्हता, म्हणून जुनं पाडायचीही कुणाला गरज पडली नाही. १९३३ पासून चौकाच्या बाजूच्या इमारती स्टेट हिस्टॉरिक पार्कमध्ये आहेत. चर्च मात्र पार्कचं नाही. तिथे आजही प्रार्थना, लग्नं, बारशी होतात. त्यामुळे तिकिटं दोन वेगळी, आणि रविवारी सकाळी गेलात तर आधी प्रार्थनेचा मान.

चर्चमध्ये शिरल्यावर नजर आपोआप वेदीकडे जाते. त्याआधी पायाखाली पाहा. फरशा लालसर, मातीच्या, मधोमध चालून चालून खोलगट झालेल्या. काही फरशांवर जनावरांच्या पंजांचे ठसे आहेत. ओल्या फरशा बाहेर उन्हात वाळत घातल्या होत्या, त्यावरून ती जनावरं चालून गेली. चार बोटं, मागे तळव्याचा गोल खड्डा, एखाद्या ठिकाणी पंजा जरा घसरलेला. फरशी भाजल्यावर ठसा कायमचा राहिला. मुलं गुडघ्यांवर बसून एकेक ठसा शोधत राहतात, आणि मोठ्यांनीही तसंच करावं असं माझं मत आहे. मिशनच्या एका जुन्या निळ्या दारात खालच्या बाजूला मांजरासाठी कापलेलं भोकही आहे, उंदरांचा बंदोबस्त करायला.

वेदीमागची रंगीत लाकडी चौकट टॉमस डोक नावाच्या अमेरिकन खलाशाने १८१८ मध्ये रंगवली. तो जहाज सोडून कॅलिफोर्नियात राहिलेला. आधी एका मेक्सिकन चित्रकाराला विचारलं होतं, पण त्याची रोजची मजुरी मिशनला परवडेना. डोक नुसत्या राहण्या-जेवणावर तयार झाला. लाल आणि हिरवे रंग अजून ठसठशीत दिसतात. संग्रहालयात हाताने फिरवायचा एक बॅरल ऑर्गन आहे. दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने तो लासुएनना दिला असं सांगतात. इथले फादर तापिस आदिवासी मुलांना गाणं शिकवताना प्रत्येक आवाजाची ओळ वेगळ्या रंगाने लिहून द्यायचे.

चर्चमधून बाहेर आल्यावर बहुतेक लोक गाडीकडे वळतात. तसं करू नका. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीलगत दफनभूमी आहे. ऑलिव्हची जुनी झाडं, थोडे लाकडी क्रूस, बाकी मोकळी जमीन. या लहानशा तुकड्यात चार हजारांहून जास्त आदिवासी माणसं पुरलेली आहेत, बहुतेकांच्या नावाचा दगडही नाही. ज्यांनी या विटा थापल्या, छपराची कौलं भाजली, ती हीच मुत्सुन आणि आसपासच्या जमातींची माणसं. गोवर आणि इतर साथी, बंदिस्त जीवन, पळून गेल्यास पकडून आणणं, या सगळ्यात ती गेली. सुंदर चर्च पाहून तसंच परत जाणं मला पटत नाही. तिथे थोडा वेळ तरी थांबावं.

दफनभूमीच्या पुढे जमीन एकदम खाली उतरते. खाली शेतं, पलीकडे डोंगर. ही जी उतरण आहे तिच्या पायथ्यातून सॅन अँड्रियास फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, जाते. तुम्ही उभे असता ती भूकवचाची पॅसिफिक प्लेट आणि समोरची शेतं उत्तर अमेरिकन प्लेटवर. अठराव्या शतकातल्या वाटेचा, एल कामिनो रेआलचा, एक तुकडाही इथेच खाली दिसतो. मिशनरींना या भेगेची काहीच कल्पना नव्हती.

चौकाभोवतालच्या घरांविषयी प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हे फारच लांबेल. कुणी गेलं असेल तर आपापली भर घाला.

---

रानवारा

वा, बऱ्याच दिवसांनी वाचनीय धागा. आम्ही गेलो होतो ते थर्ड स्ट्रीटवर जेवून परतलो, चौकात गेलोच नाही. घरांविषयी लवकर लिहा.

---

पारिजातक

धन्यवाद रानवारा. घरांपैकी मला सर्वांत जवळचं कास्त्रो-ब्रीन अडोबी (अडोबी म्हणजे मातीच्या कच्च्या विटांचं घर). १८४० च्या सुमारास मेक्सिकन सेनानी होजे कास्त्रो यांनी ते बांधलं. पुढे तिथे ब्रीन कुटुंब आलं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेल्या डॉनर पार्टी या स्थलांतरितांच्या तांड्याबद्दल वाचलं असेलच. त्या तांड्यातली जवळपास निम्मी माणसं दगावली. पॅट्रिक आणि मार्गारेट ब्रीन आणि त्यांची सात मुलं, नऊच्या नऊ जण वाचली. पॅट्रिकने बर्फात असताना लिहिलेली रोजनिशी आज बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. १८४८ मध्ये हे लोक इथे पोचले तेव्हा हातात काही नव्हतं. कास्त्रोंनी त्यांना या घरात राहू दिलं. थोरला मुलगा सोन्याच्या खाणींकडे गेला आणि सोन्याची भुकटी घेऊन परतला, त्यातून त्यांनी हेच घर विकत घेतलं. आत गेल्यावर भिंतींची जाडी हाताने मोजून पाहा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गार असतं.

प्लाझा हॉटेलचा खालचा मजला म्हणजे मूळची स्पॅनिश सैनिकांची बराक. अँजेलो झानेत्ता या इटालियन माणसाने त्यावर लाकडी मजला चढवून १८५९ मध्ये हॉटेल उघडलं. जुना बार तसाच ठेवला आहे. समोरच्या तबेल्यात जुन्या घोडागाड्या आहेत, शेजारी लोहारशाळा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वयंसेवक जुने कपडे घालून भाता चालवतात, लोखंड ठोकतात, कापूस पिंजतात. मुलांना न्यायचं असेल तर तोच दिवस धरा.

आणि झानेत्तांचंच दुसरं घर, प्लाझा हॉल. काउंटीचं कोर्ट इथे येईल या आशेने १८६८ मध्ये बांधलं. कोर्ट आलं नाही, मग खाली कुटुंब राहिलं आणि वरच्या मजल्यावर नाच-समारंभ, सभा व्हायच्या. त्या जागी पूर्वी काय होतं हे फलकावर वाचा. मिशनमधल्या अविवाहित आदिवासी मुलींना रात्री कुलपात ठेवायची इमारत. तिच्याच विटा या घराच्या खालच्या मजल्यात वापरल्या आहेत. वरची नाचाची लाकडी जमीन इतकी सुरेख आहे, आणि खालच्या भिंती अशा. मला ते घर पाहून दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

---

तेरणाकाठ

पारिजातकताई, तुम्ही फॉल्टबद्दल लिहिलंत म्हणून मुद्दाम लॉग-इन झालो. मी मूळचा औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते आम्ही जवळून पाहिलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, दमून सगळे घरात झोपलेले.

आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, दगड एकमेकांत गुंतवायला चुना नाही, नुसती माती. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाड धाबं. उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही. हादरा बसला की भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटतात आणि ते सगळं वजन खाली येतं. सॅन हुआनच्या चर्चमध्ये मी शिरलो तो थेट भिंतींकडे पाहत. या अडोबीच्या विटा म्हणजे माती, पेंढा आणि पाणी, उन्हात वाळवलेल्या. वजन भरपूर, ताण सोसायची ताकद जवळजवळ नाही. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला तेव्हा फॉल्ट उत्तरेला केप मेंडोसिनोपर्यंत फाटला, त्या फाटण्याचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे हेच गाव. चर्चच्या बाजूच्या भिंती कोसळल्या. मधला भाग उभा राहिला. पडलेल्या भिंती पूर्ववत व्हायला १९७६ उजाडलं, तेव्हा आतून काँक्रीट-पोलादाचा आधार देऊन काम झालं.

या गावाचं भूगर्भशास्त्रातलं महत्त्व असं की इथून आग्नेयेला पार्कफील्डपर्यंत फॉल्ट सतत थोडाथोडा सरकत असतो, ताण साठत नाही. उत्तरेला तो घट्ट अडकलेला आहे, म्हणून तिथे एकदम मोठा धक्का बसतो. गाव या दोन भागांच्या सीमेवर. सरकणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पंधरा मिनिटांवर हॉलिस्टरला जा. तिथून कॅलव्हेरस फॉल्ट जातो. गावातल्या साध्या रस्त्यांवर फुटपाथची कड सरळ येता येता मध्येच बाजूला सरकलेली दिसते, घरांपुढच्या बुटक्या भिंती वाकलेल्या दिसतात. लोक तिथे राहतात, त्यामुळे फूटपाथवरूनच बघा, कुणाच्या अंगणात शिरू नका. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आमच्याकडे एवढा मोठा भूकंप होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि इथे माणसं ती रोज पाहत राहतात, घरं त्या हिशेबाने बांधतात.

---

रानवारा

तेरणाकाठ, अंगावर काटा आला. हे इथे लिहिल्याबद्दल आभार.

---

निर्मोही

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना दफनभूमी, कुलपातल्या मुली, हे सगळं सांगायचं का? आमची मुलगी यंदा चौथीत आहे. तिने आनंदाने बघावं, रंग-फरशा-घोडागाड्या बघाव्यात असं मला वाटतं. वाईट गोष्टी कळायला आयुष्य पडलंय.

---

पारिजातक

निर्मोही, तुमची काळजी समजते. पण मुलं विचारतातच. "इथे दगडावर नावं का नाहीत?" हा प्रश्न माझ्या मुलाने स्वतःहून विचारला, मी विषयही काढला नव्हता. त्या वेळी खोटं सांगणं मला जमलं नसतं. वयाला झेपेल इतकं खरं सांगावं.

---

कडुनिंब

निर्मोही, माझा शाळांशी कामानिमित्त संबंध येतो. २०१६ मध्ये राज्याच्या इतिहास अभ्यासक्रमाची जी मार्गदर्शक चौकट आली, तिच्यातच म्हटलं आहे की साखरेच्या चौकोनी खड्यांची किंवा आइस्क्रीमच्या काड्यांची मिशनं बनवून घेण्यात फारसा अर्थ नाही, त्याऐवजी तिथल्या माणसांच्या आयुष्याविषयी शिकवावं. तेव्हा शाळेतच हे कानावर पडणार आहे.

आणि या गोष्टीला नुसती दुःखाची बाजू नाही. त्याच दफनभूमीत आसेन्सिओन सोलोर्सानो यांची कबर आहे. मुत्सुन भाषा अस्खलित बोलणाऱ्या त्या शेवटच्या मानल्या जातात. वनौषधी जाणणाऱ्या, गावोगावचे आजारी लोक त्यांच्याकडे यायचे. १९२९ मध्ये त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा स्मिथसोनियनचे भाषाअभ्यासक जॉन हॅरिंगटन त्यांच्या उशाशी बसून राहिले आणि शब्द, गाणी, औषधं, गोष्टी, जे जे त्यांना आठवत होतं ते लिहून घेतलं. जानेवारी १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्याआधी शंभरेक वर्षं याच मिशनमधल्या फादर आरोयो दे ला क्वेस्ता यांनी मुत्सुनचं व्याकरण आणि हजारो वाक्यं टिपून ठेवली होती. या दोन्ही कागदांच्या आधारावर आज त्यांचे वंशज, आमाह मुत्सुन, भाषा पुन्हा शिकताहेत. त्यांचा स्वतःचा भूमी-न्यास आहे, सांता क्रूझच्या किनाऱ्याजवळ किरोस्ते व्हॅलीत ते जुन्या पद्धतीने जमिनीची निगा राखतात. "हे लोक होते" असं मुलीला सांगू नका, "हे लोक आहेत" असं सांगा. मुलांना त्यात उमेद वाटते.

---

निर्मोही

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांची कबर नक्की शोधू. आभार, कडुनिंब.

---

करवीरकर

मंडळी, एक गोष्ट कुणी लिहिली नाही याचं आश्चर्य वाटतंय. या चर्चमध्ये किरणोत्सव होतो!

मी कोल्हापूरचा. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असे दिवस मावळत्या सूर्याची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर येतात. लहानपणापासून गर्दीत उभं राहून ते पाहिलंय. सॅन हुआन बाउटिस्टात हे उगवत्या सूर्याचं आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, सकाळी सूर्य डोंगरावर आला की समोरच्या खिडकीतून एक पट्टा आत येतो आणि अख्खं चर्च लांबीने पार करून थेट वेदीवर पोचतो. काही मिनिटं वेदी सोन्यासारखी लखलखते. चर्चची दिशाच त्या सूर्योदयाकडे धरलेली आहे. रुबेन मेंडोझा या पुरातत्त्वज्ञांनी त्यावर बराच अभ्यास केला आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या इतर काही मिशनांतही असेच योग सापडले आहेत. मूळच्या लोकांसाठीही तो दिवस सूर्याचा मोठा दिवस होता, त्यामुळे मिशनरींनी तो हेरला असावा असं ते मांडतात.

मी गेलो तेव्हा अंधारात दार उघडलं. आत दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने, मधली वाट मोकळी सोडलेली. आमाह मुत्सुन मंडळीही होती, ढोलाचा ठेका चालू होता. पट्टा जमिनीवर उतरल्यावर एकेक जण त्या प्रकाशात चालत पुढे जाऊ लागला. माझ्याबरोबर आई होती. इंग्रजी येत नाही, स्पॅनिशचा तर प्रश्नच नाही, पण तिने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि रांगेत उभी राहिली. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

कोल्हापुरात किरणांच्या वाटेत इमारती आल्याने अडथळा होतो, त्यावर वर्षानुवर्षं बोलणं चालू आहे. इथे समोर मोकळा चौक आहे, तो कुणी बांधू दिलेला नाही. ढग आले तर मात्र काही दिसत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

---

पारिजातक

करवीरकर, किती सुंदर लिहिलंत! मला वाचून माहीत होतं, पण डिसेंबरात जाण्याचा योग आलेला नाही. या वर्षी जायचंच.

---

ध्रुवतारा

आकाशाचा विषय निघालाच आहे तर फ्रेमाँट पीकबद्दल. चौकातून दक्षिणेकडे सॅन हुआन कॅन्यन रोड धरला की अकरा मैलांवर ३,१६९ फुटांचं शिखर. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसा. मार्च १८४६ मध्ये अमेरिकन सेनाधिकारी जॉन फ्रेमाँटने या डोंगरावर अमेरिकेचा झेंडा लावून होजे कास्त्रोंना आव्हान दिलं होतं. म्हणजे ताईंनी वर ज्यांचं घर सांगितलं तेच कास्त्रो. काही दिवसांतच फ्रेमाँट निघून गेला. अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं ते नंतर.

माथ्यावरून मॉन्टेरे बे दिसतो. पण आम्ही जातो ते रात्रीसाठी. तिथे स्वयंसेवकांच्या संस्थेची वेधशाळा आहे, ३० इंची आरशाची दुर्बीण. वसंतापासून शरदापर्यंत, चंद्र नसलेल्या आसपासच्या शनिवारी रात्री ती सगळ्यांसाठी उघडी असते. उन्हाळ्यात संध्याकाळी समुद्राकडून धुकं येऊन सलिनास खोऱ्यावर पसरतं आणि खालच्या शहरांचे दिवे झाकून टाकतं. तुम्ही धुक्याच्या वर, आकाश काळंभोर. शनीची कडी पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा चेहरा पाहावा. पांढरा टॉर्च लावू नका, लाल कागद गुंडाळून न्या. आणि जुलै असला तरी जाड जाकीट हवंच.

---

रानवारा

व्हर्टिगो इथेच चित्रित झाला ना? तो उंच मनोरा कुठे आहे? आम्हाला दिसला नाही.

---

कडुनिंब

दिसणार नाही, कारण तो नाहीच. हिचकॉकने चित्रीकरण केलं तेव्हा चर्चला मनोरा नव्हता, चित्रपटात तो चित्र रंगवून आणि स्टुडिओत उभारून दाखवला. तबेला आणि हॉटेलचा व्हरांडा मात्र खरे आहेत, ओळखू येतात.

---

लाल_माती

माझ्या दृष्टीने या गावातली सर्वांत जिवंत गोष्ट एल तेआत्रो कांपेसिनो. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत मजुरांचा संप चालू होता, तेव्हा लुईस वाल्देझ यांनी ही नाटकमंडळी सुरू केली. नट म्हणजे मळ्यांतले मजूरच. ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून गळ्यात पाट्या अडकवायच्या, कुणी मालक, कुणी संपफोड्या, कुणी मुकादम, आणि पंधरा मिनिटांत प्रवेश करून मोकळं व्हायचं. आपल्याकडे लाल बावटा कलापथकाने गिरणगावात जे केलं त्याची आठवण होतेच. १९७१ पासून मंडळींचा मुक्काम सॅन हुआन बाउटिस्टात आहे, फळं भरायच्या जुन्या शेडमध्ये त्यांचं नाट्यगृह. डिसेंबरात ते मिशनच्या चर्चमध्येच प्रयोग करतात, एका वर्षी मेंढपाळांची कथा, दुसऱ्या वर्षी ग्वादालूपेच्या मातेची. भाषा बरीचशी स्पॅनिश, तरी अडत नाही. तिकिटं लवकर काढा. संध्याकाळचा प्रयोग आणि सकाळचा किरणोत्सव असं जोडून बसवता आलं तर उत्तम.

---

सुगरण_नाशिक

शाकाहारींसाठी. थर्ड स्ट्रीटवर मेक्सिकन जेवण छान मिळतं, पण दोन गोष्टी विचारून घ्या. बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का. "व्हेजिटेरियन आहे का" एवढंच विचारलं तर हो म्हणतात, कारण तुकडे नसतात. काळ्या बीन्स अख्ख्या शिजवलेल्या मागा, कॉर्न टॉर्टिया, ग्वाकामोले, नोपालेस म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी. नोपालेस जरा भेंडीसारखी बुळबुळीत लागते, मला आवडली. आम्ही थेपले आणि दही-भातही नेतो, चौकाजवळ बसून खाता येतं. रस्त्यावर मोकाट कोंबड्या फिरतात, त्या डब्याजवळ येतात. खायला घालू नका.

---

तेरणाकाठ

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पिनॅकल्स नॅशनल पार्क, हॉलिस्टरवरून २५ नंबरच्या रस्त्याने पूर्वेचं प्रवेशद्वार. तिथले कातळ म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा लँकेस्टरजवळ नीनाकला आहे, १९५ मैल दक्षिणेला. या फॉल्टनेच दोन भाग इतके दूर नेले. आदल्या दिवशी मिशनच्या मागची उतरण पाहिली असेल तर हे नीट कळतं. कॉन्डॉर गिधाडं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी दिसतात. बेअर गल्च गुहा वटवाघळांच्या विणीच्या काळात बंद असते, आधी पाहून जा.

---

मोगरा_पुणे

मी पुण्याहून मुलाकडे सनीव्हेलला येतेय, डिसेंबर-जानेवारी. वय बहात्तर, गुडघे दुखतात. करवीरकर यांचं वाचून २१ तारखेला जायची फार इच्छा झाली आहे. मला जमेल का?

---

करवीरकर

मोगराकाकू, नक्की जमेल. चौक आणि चर्च सपाट आहे, चढ नाही. फॉल्टच्या बाजूची उतरण तेवढी सोडा, वरूनच सगळं दिसतं. बसायला बाक आहेत, पण लवकर पोचलात तरच जागा मिळते. मुलाला आठवडाभर आधी मिशनच्या ऑफिसात फोन करायला सांगा. दार किती वाजता उघडणार, आधी नाव नोंदवावं लागतं का, हे दर वर्षी बदलू शकतं. सनीव्हेलहून पहाटे पाचला निघा. चर्च आत खूप गार असतं, फरशीचा गारवा पायातून वर चढतो, तेव्हा लोकरीचे मोजे, शाल आणि कानटोपी घ्या. बसायला एक पातळ उशी न्या.

---

मोगरा_पुणे

फार आभार. मुलाला आत्ताच धागा पाठवला.

---

पारिजातक

काकू, २१ ला मीही येणार आहे. व्यक्तिगत निरोप करते, भेटू. इतरांसाठी एवढंच, की परतताना शनिवार-रविवारी दुपारनंतर १५६ आणि १०१ दोन्ही तुंबतात. एकतर तीनच्या आत निघा, नाहीतर जेवण उरकून रात्री.